कोल्हापुरातील सॅक्सोफोनवादकांना एकत्र कसे आणावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही राजारामपुरीत राहता, नोकरी सांभाळून तीन वर्षांपासून आल्टो सॅक्सोफोन शिकत आहात आणि शहरात हे वाद्य वाजवणारे बरेच लोक आहेत हे तुमच्या लक्षात आले आहे. मात्र वरातीच्या बँडमधले, ऑर्केस्ट्रातले, चर्चमधले आणि रागसंगीताकडे वळलेले वादक एकमेकांना ओळखतही नाहीत. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट काढला, त्यात चाळीसेक जण आले आणि दोन महिन्यांत तो सणावारांच्या शुभेच्छांपुरता उरला. आता सगळ्यांचा मिळून एक मोठा कार्यक्रम घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की मोठा कार्यक्रम आत्ता घेऊ नका, आणि ‘सर्व शैलींचा संगम’ अशा नावाने तर मुळीच घेऊ नका. वेगवेगळे संगीत वाजवणाऱ्या माणसांना संगीताच्या नावाने बोलावले की प्रत्येक जण आपापले संगीत घेऊन येतो, ते मांडतो आणि तसाच परत जातो. त्यांना वाद्याच्या नावाने बोलवा. चांगली रीड, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसवर बांधलेली पातळ पट्टी, कुठे मिळते, पावसाळ्यात पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी गादी, का चिकटते, खर्जातला स्वर का फुटतो, वय वाढले तसा दम कसा टिकवायचा, हे प्रश्न बँडमधल्या वादकाला, ऑर्केस्ट्रातल्या वादकाला आणि ख्याल वाजवू पाहणाऱ्याला सारखेच छळतात. खरी ओळख या अडचणींतून होते. एकमेकांचे संगीत ऐकून घेण्याची तयारी तिच्यामागून येते.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. हे वाद्य वाजवू लागून मला पस्तीस वर्षे होऊन गेली; त्यातली पहिली आठ-नऊ वर्षे पेठेतल्या एका बँडमध्ये गेली, पुढे बरीच वर्षे ऑर्केस्ट्रात काढली आणि आता मी प्रामुख्याने शिकवतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी तुमच्यासारखाच विचार करून एक मेळावा घेतला होता. सभागृह घेतले, प्रमुख पाहुणे बोलावले, पत्रिका छापल्या. बँडमधले सहा वादक आले ते गणवेश घालूनच, कारण संध्याकाळी त्यांची वरात ठरलेली होती, आणि कोणी काही न सांगताही ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. निवेदकाने त्यांच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवली होती. ऑर्केस्ट्रातल्या आम्ही मंडळींनी ट्रॅक लावून प्रत्येकी दोन-दोन गाणी वाजवली. शाल, श्रीफळ, आभार झाले, चहा झाला आणि त्या दिवसानंतर त्यांतला कोणीही दुसऱ्याच्या दारी गेला नाही. ती चूक सर्वस्वी आम्हा संयोजकांची होती. त्या सहा जणांतल्या एका ज्येष्ठ वादकाच्या खर्जाला जे वजन होते, ते आमच्यापैकी एकाकडेही नव्हते, आणि तो स्वर कसा निघतो हे त्यांना विचारावे, असे त्या तीन तासांत आम्हांला सुचले नाही.

बँडमधल्या वादकाला मी पहिले स्थान देतो ते केवळ आपुलकीपोटी नाही. अ‍ॅडोल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने 1846 साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले, आणि त्याला आधी भक्कम आसरा मिळाला तो फ्रेंच लष्कराच्या बँडमध्ये. जॅझ फार पुढची गोष्ट आहे. आपल्याकडेही हेच घडले. सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ यांनी हे वाद्य पहिल्यांदा ऐकले ते म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये. वडील नागस्वरम वाजवणारे, त्यामुळे फुंकेच्या वाद्याचे संस्कार घरचेच होते. बँडच्या त्याच वाद्यावर त्यांनी कर्नाटक संगीत उभे केले, 1994 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स महोत्सवात ते वाजवले आणि 2004 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदी चित्रपटसंगीतात ज्यांचा सॅक्सोफोन आपण लहानपणापासून ऐकला ते मनोहारी सिंग कलकत्त्याहून मुंबईला आले, आणि त्यांच्या आजूबाजूला बसणारे अनेक गोवेकर वादक चर्चमध्ये नोटेशन शिकून आलेले होते. आज आपण ज्यांना वेगवेगळ्या शैली म्हणतो त्यांच्या वाटा मागे जाऊन बँडच्या किंवा चर्चच्या अंगणातच मिळतात. म्हणून कोल्हापुरात सुरुवात करायची तर ती बँडच्या दुकानापासून करावी, आणि तिथे बोलवायला म्हणून जाऊ नये, शिकायला म्हणून जावे.

कसे जावे हेही सांगतो. लग्नसराईत जाऊ नका. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत त्या माणसांना उसंत नसते, एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या असतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात, आणि तिथून गणपतीच्या तयारीपर्यंतचे चार-सहा आठवडे बँडच्या दुकानात निवांतपणा असतो. पुढे पितृपक्षातही पंधरा दिवस मिळतात. आपल्या शहरातले कोणतेही वादकमंडळ टिकायचे असेल तर त्याचे वेळापत्रक पंचांग बघून आखावे लागेल. ऑर्केस्ट्रावाल्यांना गणेशोत्सव आणि नवरात्र मोकळे नसते, चर्चमधल्यांना डिसेंबर नसतो, आणि तुमच्यासारख्या नोकरदारांना रविवार सोडून काहीच सोयीचे नसते, तर बँडवाल्यांची नेमकी रविवारीच कामे असतात. मी बराच विचार करून, पावसाळ्यात सोमवारी संध्याकाळी आणि एरवी महिन्यातून एकदाच, असे सुचवीन. महिन्यातून एकदा हे कमी वाटेल, पण दर आठवड्याला ठरवून चौथ्या आठवड्यात बंद पडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

दुकानात गेल्यावर बँडमास्तरांना मास्तरच म्हणावे, वाद्य बरोबर न्यावे आणि आपली खरीखुरी अडचण पुढे ठेवावी. माझा एक विद्यार्थी तीन नंबरच्या रीडची आख्खी पेटी घेऊन वैतागला होता. दहातली एकही नीट बोलत नव्हती, स्वराआधी नुसती हवा यायची. मी त्याला शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वादकांकडे नेले. तो म्हणाला, “मास्तर, ही रीड बघता का जरा?” त्यांनी एवढेच सांगितले, “ठेव हितं, आन् पानी आन वाटीत.” त्यांनी रीड पाण्यात घातली, दोन मिनिटांनी काढून बल्बसमोर धरली आणि त्याला जवळ बोलावले. उजेडात रीडच्या टोकाकडे उलट्या व्हीसारखी सावली दिसते. तिची डावी बाजू उजवीपेक्षा दाट होती. मग त्यांनी आरशाचा एक तुकडा मांडीवर ठेवला, त्यावर रीड सपाट टेकवली आणि घासून मऊ झालेल्या पॉलिश पेपरच्या चिंधीने फक्त डाव्या कडेला आठ-दहा हलके हात मारले. टोकाला त्यांनी अजिबात हात लावला नाही. पुन्हा उजेडात धरली, पुन्हा चार हात मारले, मग त्याच्या माउथपीसवर बांधून दिली. पहिल्याच फुंकीला स्वर आला. त्या मुलाने त्या दिवशी तिथे दोन तास काढले, आणि पुढच्या आठवड्यात तो मोबाइलवर त्यांना एका अमेरिकन वादकाचे टेनरवादन (टेनर म्हणजे आल्टोपेक्षा मोठा सॅक्सोफोन) ऐकवायला परत गेला. दोन वेगळ्या जगांतली ही दोन माणसे त्या आरशाच्या तुकड्यामुळे एकत्र आली. तुम्हांला हवे असलेले मंडळ असेच, एकेका माणसाने, उभे राहते.

म्हणून पहिल्या तीन-चार बैठका दुरुस्तीच्या ठेवा. वाजवण्याची सक्ती नको. प्रत्येकाने आपले वाद्य आणावे आणि सगळ्यांनी मिळून ते तपासावे. छोट्या एलईडी दिव्यांची माळ नळीत सोडून खोलीतला उजेड बंद केला की कोणत्या पॅडखालून प्रकाश झिरपतो ते दिसते. खालचे स्वर फुटण्याचे कारण नव्वद टक्के वेळा तिथेच सापडते, आणि ओठांना दोष देत वर्षानुवर्षे झगडणाऱ्या माणसाला ते पाहून जो दिलासा मिळतो तो शब्दांत सांगता येणार नाही. आपल्याकडच्या पावसात ‘जी शार्प’, खालचा ‘सी शार्प’ आणि ‘ई फ्लॅट’ या स्वरांची पॅड सर्वांत आधी चिकटतात, कारण ती एरवी मिटलेलीच असतात आणि त्यांच्यातली ओल सुकायला वाव नसतो. कोरी, कडक नोट पॅडखाली सरकवून, ‘की’ (बोटाने दाबायची कळ) हलकेच दाबून नोट ओढून काढायची, ही बँडवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि ती चालते. वाद्य वाजवून झाल्यावर तसेच पेटीत बंद न करता आतून कापड फिरवून कोरडे करावे, ही सवय लागली तर निम्मे काम वाचते.

यापुढच्या दुरुस्तीसाठी वाद्य मुंबईला पाठवायची पद्धत आहे, पण त्यातले बरेचसे काम आपल्या गावात होऊ शकते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. तुटलेल्या कीला चांदीचा डाग देणारा कारागीर सराफांच्या गुजरीत मिळतो. पितळेच्या वाद्यातले काम आहे म्हणून आधी तो नाही म्हणतो, पण समोर बसून, पॅड आणि स्प्रिंग काढून त्याच्या हातात फक्त की दिली तर करून देतो. की ज्यावर फिरते तो पिव्हॉट स्क्रू झिजला तर उद्यमनगरातल्या लहान लेथवर बनतो. नमुना म्हणून दुसऱ्या बाजूचा स्क्रू द्यावा लागतो. पॅड बसवायला पूर्वीपासून लाख वापरत आले आहेत, आणि लाख तापवण्याचा अंदाज ज्यांच्या हाताला आहे असे दोन-तीन वादक अजून बँडमध्ये आहेत. त्यांच्याकडून हे काम तरुणांनी शिकून घेतले नाही तर ते त्यांच्याबरोबर जाईल. मंडळाच्या नावाने एक पेटी ठेवा: बारीक पेचकस, कॉर्कचे तुकडे, कॉर्क ग्रीस, दिव्यांची माळ, वेगवेगळ्या मापांची दहा-वीस पॅड. ही पेटी एका बैठकीत एकाच्या घरी, पुढच्या बैठकीपर्यंत दुसऱ्याच्या घरी. पेटी न्यायला-आणायला माणसे एकमेकांच्या घरी जातात, हा तिचा आणखी एक फायदा. माउथपीस मात्र कधीही एकमेकांचा तोंडाला लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. एबोनाइटचा माउथपीस कोमट पाण्यानेच धुवावा. कढत पाण्याने त्याचा रंग उडतो.

आता एकत्र वाजवण्याकडे येतो. इथे सर्वांत मोठा अडथळा शैलीचा आहे असे लोक समजतात. माझ्या अनुभवात तो पट्टीचा, म्हणजे षड्ज कुठे धरायचा याचा आहे, आणि तो न समजल्यामुळे चांगली माणसे एकमेकांना बेसूर ठरवून उठून गेलेली मी पाहिली आहेत. सॅक्सोफोनच्या कुटुंबात बोटे तीच राहतात आणि स्वर बदलतो. आल्टोवर ‘सी’ वाजवला की पेटीवर (हार्मोनियमवर) तो काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, निघतो. टेनरवर तीच बोटे ठेवली की काळी पाच निघतो. बॅरिटोन आल्टोप्रमाणे, फक्त एक सप्तक खाली. सोप्रानो टेनरप्रमाणे, एक सप्तक वर. बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटही टेनरच्याच घरातले. त्यामुळे बँडमास्तर ‘एफ मध्ये घ्या’ म्हणतात तेव्हा पेटीवर तो स्वर काळी दोन असतो, ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला ‘एफ’ म्हणतो तेव्हा तो पांढरी चार असतो, आणि एकट्याने शिकलेला आल्टोवाला ‘एफ’ वाजवतो तेव्हा काळी चार ऐकू येते. तिघेही बरोबर असतात आणि तिघांचेही जमत नाही.

यावर उपाय म्हणजे इंग्रजी अक्षरे बैठकीबाहेर ठेवून पेटीची पट्टी बोलायची. पहिल्या दिवशी काळी दोन धरा. आल्टोवाल्यांनी आपला सी, टेनरवाल्यांनी आपला एफ, हा सगळ्यांचा षड्ज. दोन्ही वाद्यांना बोटे सोपी पडतात आणि कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. पुरुष गायकाबरोबर काळी एक लागते. तेव्हा आल्टोचा षड्ज बी फ्लॅट आणि टेनरचा ई फ्लॅट. गायिकेच्या काळी चारला आल्टोचा एफ आणि टेनरचा बी फ्लॅट. हेही अंगवळणी पडणारे आहे. खरी पंचाईत होते ती गिटार घेऊन येणाऱ्या मुलांची, कारण त्यांना ई प्रिय असतो आणि त्या पट्टीत आल्टोवाल्याच्या वाट्याला सी शार्प, टेनरवाल्याच्या वाट्याला एफ शार्प येतो. त्या मुलाला गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डीचे आकार धरायला सांगा. तो आपोआप काळी दोनमध्ये येतो.

आणि इथेच आपल्या सरगमचा एक मोठा लाभ लक्षात घ्या. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये आल्टो आणि टेनर यांना वेगवेगळे कागद लिहून द्यावे लागतात. सा रे ग म लिहिले तर एकच कागद दोघांना चालतो, कारण षड्ज कुठे धरायचा एवढे सांगितले की बाकीचे स्वर जिथल्या तिथे येतात. चर्चमधल्या वादकाला स्टाफ (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य नोटेशन) वाचता येतो पण सरगम येत नाही, बँडमधल्या ज्येष्ठांना कानाने सगळे येते पण कागद नको असतो, आणि विद्यापीठाच्या संगीत विभागातून आलेल्या मुलांना भातखंड्यांची स्वरलेखनाची पद्धत येते. मी एकाच पानावर वर सरगम आणि खाली स्टाफ असे लिहून देतो, आणि ज्येष्ठांना आधी दोनदा वाजवून दाखवतो. कोणाच्याही हातात त्याला न वाचता येणारा कागद देऊन त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नये. हे मी फार गांभीर्याने सांगतो आहे, कारण अशा एका कागदामुळे पन्नाशीतला एक उत्तम वादक आमच्या बैठकीतून कायमचा गेला.

पहिल्यांदा एकत्र वाजवताना गाणे घेऊ नका. मोबाइलवर तानपुरा काळी दोनला लावा आणि सगळ्यांनी नुसता षड्ज धरा, एका दमात जितका टिकेल तितका. वाद्य थंड असताना सूर उतरलेला असतो आणि पाचेक मिनिटे फुंकल्यावर चढतो, म्हणून मिळवणी गरम झाल्यावरच करावी. माउथपीस कॉर्कवर आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. यापलीकडचे काम कानाचे आणि ओठांचे. वरच्या सप्तकातला डी बहुतेक सॅक्सोफोनवर चढा लागतो, तो थोडा सैल ओठाने उतरवून घ्यावा लागतो. घरातल्या पेटाऱ्यातून निघालेले फार जुने वाद्य कितीही ओढले तरी चढेच राहत असेल, तर ते ‘हाय पिच’ म्हणून बनवलेले असण्याची शक्यता आहे; विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अशी वाद्ये आजच्या 440 हर्ट्झच्या ठरलेल्या सुरात बसत नाहीत, आणि तो वाजवणाऱ्याचा दोष नव्हे. दहा जणांचा षड्ज एकदा खोलीत नीट जुळला की भिंतींना कंप सुटतो. तो क्षण मी अनेकदा अनुभवला आहे, आणि त्यानंतर कोण कुठून आला हे विचारावेसे कोणालाही वाटत नाही.

षड्जानंतर भूप घ्या. सा रे ग प ध हे पाच स्वर आल्टोवर सी डी ई जी ए, टेनरवर एफ जी ए सी डी असे पडतात. कितीतरी भजने, अभंग, लावणीच्या चाली, चर्चमधली जुनी गीते आणि जॅझ शिकणाऱ्याची पहिली पेंटाटॉनिक, हे सगळे याच पाच स्वरांत खेळते. प्रत्येकाने दोन आवर्तने आपल्या पद्धतीने भरायची आणि बाकीच्यांनी षड्ज-पंचम धरून ठेवायचे. एवढ्याच स्वरांत बँडमधला वादक ठसक्याने स्वर फेकतो, ऑर्केस्ट्रातला शेवटच्या स्वराला हळुवार कंप देतो, रागसंगीतवाला गंधारावरून षड्जाकडे मींडेने येतो, आणि जॅझकडे वळलेला मुलगा मात्रेच्या मागे रेंगाळून वाजवतो. मग विचारावे: ही मींड कशी काढली? सॅक्सोफोनवर बासरीसारखे अर्धे छिद्र झाकता येत नाही; की सावकाश सोडणे आणि खालचा जबडा सैल करणे, यांच्या मेळातून मींड निघते. हे समजावून सांगताना त्या वादकाला स्वतःच्याच क्रियेचा नव्याने विचार करावा लागतो, आणि ऐकणारा घरी जाऊन आरशासमोर तेच करून पाहतो.

या देवाणघेवाणीत कोणी कोणाला सुधारायला निघू नये. रस्त्यावर ताशा आणि ड्रमच्या गजरात दोनशे पावले ऐकू जाईल असा आवाज काढणे ही एक विद्या आहे, आणि माइकपाशी ओठ सैल सोडून कुजबुजल्यासारखा स्वर काढणे ही दुसरी. खोलीत बसल्यावर बँडमधल्या वादकाचा आवाज पहिल्या काही बैठकांत सगळ्यांवर जातो. त्याला ‘हळू वाजवा’ असे सांगण्याऐवजी त्याला खर्जाचे काम द्या आणि भिंतीकडे न बसवता खोलीच्या मोकळ्या बाजूला बसवा. मी स्वतः ऑर्केस्ट्रातून आलो असूनही म्हणतो, आपल्या शहरातल्या तरुण वादकांची सर्वांत मोठी उणीव दमाची आहे, आणि ती उणीव भरून काढणारी माणसे गणवेशात वरातीपुढे चालत आहेत. ज्या गावात 1883 पासून देवल क्लब ही संगीतसंस्था उभी आहे आणि जिथे थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, तिथल्या बँडवाल्यांनीही नाट्यपदे वाजवता वाजवता कान तयार केलेला आहे. त्यांना राग ‘शिकवावा’ लागेल असे गृहीत धरू नका; नाव विचाराल तर सांगता येणार नाही, पण चुकीचा निषाद लागला तर आधी त्यांच्याच कपाळाला आठी पडेल.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. ज्याला बँडवाला सुपारी म्हणतो, ऑर्केस्ट्रावाला शो म्हणतो आणि गवई ज्याच्या बिदागीची वाट पाहतो, ते सगळ्यांचे पोट आहे. तुमच्यासारख्या नोकरदाराचे नाही. हा फरक विसरून कोणालाही फुकट वाजवायला सांगू नका. बँडमालकांच्या मनात साहजिक भीती असते की या बैठकांतून आपली माणसे फोडली जातील. हंगामाच्या आधी त्यांनी वादकाला उचल दिलेली असते, त्यामुळे ती भीती बिनबुडाची नाही. म्हणून मालकांना आधी भेटा आणि उघड शब्द द्या की ज्याने उचल घेतली आहे त्याला त्या हंगामात दुसरीकडचे काम मंडळातून सुचवले जाणार नाही. दुसऱ्या बाजूने, कोणी आजारी पडले तर बदली वादक मिळवून देण्याचे काम मंडळाने करावे. ऐन लग्नात टेनरवाला तापाने पडला आणि मंडळातल्या फोनमुळे तासाभरात दुसरा उभा राहिला, असे एकदा झाले की मालक स्वतःच माणसे बैठकीला पाठवू लागतात. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप गट या कामापुरता ठेवा: बदली हवी, रीड हवी, बैठक अमुक दिवशी. शुभेच्छा नकोत, हे सुरुवातीलाच प्रेमाने सांगावे.

जागा हा उरलेला प्रश्न. दहा सॅक्सोफोन घरात वाजले की शेजारी येणारच. रंकाळ्याच्या काठावर पहाटे एकट्याने रियाज करणे चांगले, पण पावसात आणि एकत्र बसायला ते उपयोगी नाही. शाळा सुटल्यावर वर्ग वापरायला मिळतो का पाहा. ज्या शाळेत बँडपथक आहे तिथे मुख्याध्यापकांना सांगावे की बदल्यात महिन्यातून एक तास मुलांना शिकवू. त्याने तिथल्या मुली-मुलांनाही एक वाट मिळते. आपल्या शहरात मुलींनी सॅक्सोफोन हाती घेतल्याची उदाहरणे अजून थोडी आहेत, आणि त्याचे एक साधे कारण म्हणजे बैठकांच्या वेळा आणि जागा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, उजळ रस्त्यावरची जागा आणि पालकांना बसायला खुर्ची, एवढ्याने बराच फरक पडतो.

कार्यक्रम कधी घ्यायचा, हे मग तुम्हांला कोणाला विचारावे लागणार नाही. वर्षभर भेटल्यावर माणसे आपणहून म्हणतात की हे कुठेतरी वाजवूया. तेव्हाही प्रत्येकाला वेगळे दहा मिनिटे देऊ नका. सगळे मिळून तीन-चारच रचना घ्या, खर्ज बँडवाल्यांकडे, मधला आधार चर्चवाल्यांकडे, आलाप रागवाल्यांकडे, आणि तरुणांना मोकळे सोडा. गणवेश असलाच तर सगळ्यांना एकसारखा असावा, नाहीतर कोणालाच नको.

आषाढ लागायला थोडेच दिवस आहेत. तुमच्या आल्टोची ‘जी शार्प’ची की चिकटते, असे तुम्ही लिहिले आहे. ती स्वतः दुरुस्त करू नका. वाद्य घेऊन एखाद्या सोमवारी दुपारी चारनंतर बँडच्या दुकानात जा, मास्तरांपुढे ते ठेवा आणि ते काय करतात ते बघत बसा. निघताना त्यांना विचारा की पुढच्या सोमवारी आणखी दोघांना घेऊन आलो तर चालेल का.